वाचकांचे प्रश्न : बाळासाठी पावडरचे दूध तयार करताना आणि साठवताना

बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वाचकांना ठाऊक आहे. तरीही आईचे आजारपण, दुधाची कमतरता, दत्तक घेतलेले बाळ अशा अनेक कारणांनी काही घरांत डब्यातील पावडरचा आधार घ्यावा लागतो. अशा पालकांना अपराधीपणाची जाणीव करून देण्यात काहीच अर्थ नाही. त्यांना अचूक माहिती मिळणे अधिक गरजेचे आहे. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचे बाळ दीड महिन्याचे आहे. डॉक्टरांनी उकळून थोडेसेच निवालेले, चांगले गरम पाणी वापरून दूध करण्यास सांगितले. डब्यावर मात्र कोमट पाण्याचा उल्लेख आहे. पावडर सीलबंद डब्यात येते, मग ती निर्जंतुकच असणार ना? गरम पाण्याचा आग्रह कशासाठी?

उत्तर : बहुतेक पालकांचा गैरसमज नेमका येथेच होतो. डबा सीलबंद असला तरी आतील पावडर निर्जंतुक नसते. द्रवरूपात बाटलीबंद मिळणारे तयार बाळदूध उष्णता देऊन पूर्णपणे निर्जंतुक करता येते. पावडरीच्या बाबतीत आजच्या उत्पादनपद्धतींनी ते साधत नाही. क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे दोन जिवाणू त्यात अत्यल्प प्रमाणात असू शकतात. क्रोनोबॅक्टर कोरड्या पावडरीत महिनोन् महिने तग धरतो आणि पाणी मिळताच वाढू लागतो. त्याचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तो रक्तात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो आणि प्राणघातक ठरू शकतो. 2001 साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात झालेल्या अशा संसर्गाचा संबंध पावडरच्या दुधाशी जुळला. त्यानंतरच्या वर्षांत या प्रश्नाचा जागतिक पातळीवर अभ्यास झाला आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अन्न व कृषी संघटनेच्या सहकार्याने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

त्या सूचनांचा गाभा असा, की पावडर ज्या पाण्यात मिसळायची ते किमान 70 अंश सेल्सिअस असावे, कारण त्या तापमानाला हे जिवाणू झपाट्याने मरतात. येथे गरम पाणी पावडर विरघळवण्याबरोबरच पावडरीतील जंतू मारण्याचेही काम करते. म्हणूनच उकळून पूर्ण थंड केलेले पाणी वापरले, तर पाणी शुद्ध असूनही पावडरीतील जंतू जिवंतच राहतात. डब्यावरील सूचनेत कमी तापमान सांगितलेले असण्यामागे काही वेळा त्यात घातलेले उपयुक्त जिवाणू किंवा उष्णतेने कमी होणारी जीवनसत्त्वे हे कारण असते. माझ्या मते दोन महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांच्या, जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या बाळासाठी या दोन बाजूंची तुलनाच होऊ शकत नाही. जंतूंपासूनचे संरक्षण आधी पाहावे. आपले बाळ दीड महिन्याचे आहे, तेव्हा डॉक्टरांचेच ऐकावे आणि पावडरीत असे उपयुक्त जिवाणू घातलेले असल्यास दुसरी पावडर सुचवता येईल का, हेही त्यांना विचारावे. परवडत असेल आणि मिळत असेल, तर अशा बाळांसाठी निर्जंतुक द्रवरूप दूध अधिक सुरक्षित असते.

तापमापक नसल्यास एक लिटर ताजे पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावे. एकाच बाटलीपुरते पाणी उकळले, तर ते फार लवकर निवते, हे ध्यानात ठेवावे. बाटलीबंद विकत मिळणारे पिण्याचे पाणीही निर्जंतुक नसते, तेव्हा तेही उकळावेच. दूध मिसळल्यावर झाकण लावलेली बाटली वाहत्या थंड पाण्याखाली किंवा थंड पाण्याच्या भांड्यात धरावी. पाण्याची पातळी टोपणाच्या खालीच राहू द्यावी. बाहेरून बाटली पुसून, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहिल्याशिवाय बाळाला दूध देऊ नये. 70 अंशांचे दूध बाळाचे तोंड भाजू शकते, त्यामुळे कितीही घाई असली तरी हा टप्पा टाळता येणार नाही.

प्रश्न : रात्री दोन-तीनदा उठावे लागते. झोपण्यापूर्वी सगळे दूध करून थर्मासमध्ये गरम ठेवले तर चालेल का?

उत्तर : कृपया असे करू नये. तयार दूध थर्मासमध्ये किंवा बाटली गरम ठेवणाऱ्या उपकरणात ठेवल्याने ते तासन् तास जंतूंच्या आवडत्या उबेत राहते. अनुकूल उबेत असे जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. या हिशेबाने सहा तासांत एका जिवाणूचे अडीच लाखांहून अधिक होतात. शिवाय काही जंतूंचे बीजाणू 70 अंशांतही टिकून राहतात आणि रेंगाळत निवणाऱ्या दुधात पुन्हा जागे होतात. त्यामुळे उष्णतेइतकेच महत्त्व वेळेला आहे.

थर्मासचा उपयोग मात्र वेगळ्या प्रकारे होतो. त्यात नुकतेच उकळलेले पाणी भरून ठेवावे, स्वच्छ कोरड्या डबीत एकेका वेळची मोजलेली पावडर ठेवावी आणि बाळ उठले की ताजे दूध करावे. थर्मास चांगला नसेल आणि पाणी 70 अंशांखाली उतरले असेल, तर ते पुन्हा उकळण्याला पर्याय नाही. प्रवासातही हीच पद्धत सर्वांत सोयीची पडते.

आधी करून ठेवणे अगदीच अपरिहार्य असेल, तर प्रत्येक वेळचे दूध वेगळ्या बाटलीत, नेहमीच्याच पद्धतीने गरम पाण्यात तयार करावे, कारण मोठ्या भांड्यातील दूध आतून निवायला फार वेळ घेते. ते झटपट थंड करून फ्रिजमध्ये 5 अंश किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवावे. फ्रिजच्या दारातील कप्पा सतत उघडझाप होत असल्याने योग्य नाही. बाटली आतल्या बाजूला असावी. चोवीस तासांत न वापरलेले दूध टाकून द्यावे. गरम करताना बाटली गरम पाण्याच्या भांड्यात जास्तीत जास्त पंधरा मिनिटे ठेवावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध सगळीकडे सारखे तापत नाही. बाटली हाताला कोमट लागते आणि आतील काही भाग चटका देण्याइतका गरम असतो.

प्रश्न : बाळ अर्धी बाटली पिऊन झोपी जाते. उरलेले दूध पुढच्या वेळी द्यावे का?

उत्तर : देऊ नये. पिताना बाळाची लाळ दुधात मिसळते. तयार केल्यापासून दोन तासांत आणि बाळाने प्यायला सुरुवात केल्यापासून एका तासात जे संपणार नाही, ते टाकून द्यावे. फ्रिजमध्ये ठेवूनही उष्टे दूध पुन्हा वापरण्याजोगे होत नाही. दूध वाया जाते याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर थोडे कमी दूध करणे आणि लागल्यास पुन्हा करणे, हाच उपाय आहे.

प्रश्न : नातवाचे वजन हवे तसे वाढत नाही. एक चमचा पावडर जास्त घातली तर फायदा होईल का? उलट सुनेचे म्हणणे आहे, की त्याला शौचाला कडक होते म्हणून दूध जरा पातळच असावे.

उत्तर : आपल्या दोघींचीही काळजी खरी आहे, परंतु दोन्ही उपाय बाळाला अपाय करणारे आहेत. लहान बाळाचे मूत्रपिंड पुरते तयार झालेले नसते. दूध घट्ट झाले, की त्यातील क्षार आणि प्रथिनांचा भार बाहेर टाकण्यासाठी शरीरातील पाणी खर्ची पडते आणि रक्तातील सोडियम वाढते. बाळ तहानेने रडते, घरातील मंडळी ते भुकेचे रडणे समजून पुन्हा तेच घट्ट दूध देतात आणि त्रास वाढत जातो. दूध पातळ केले, तर पोषण कमी पडते आणि वजन आणखी मागे राहते. फारच पातळ दूध दिले गेल्यास रक्तातील सोडियम घसरून बाळ सुस्तावते, त्याला झटकेही येऊ शकतात.

अनेक घरांत हे नकळतही घडत असते. त्याच डब्यात आलेला मोजचमचा वापरावा, कारण वेगवेगळ्या पावडरींच्या चमच्यांचे माप एक नसते. चमचा शिगोशीग भरू नये, दाबूनही भरू नये. स्वच्छ, कोरड्या सुरीच्या पाठीने तो सपाट करावा. बाटलीत पाणी आधी मोजून घ्यावे आणि नंतर पावडर घालावी. पावडर आधी घालून खुणेपर्यंत पाणी ओतले, तर पावडरीने व्यापलेल्या जागेइतके पाणी कमी पडते आणि दूध आपोआप घट्ट होते. हे सर्व नीट पाळूनही वजन वाढत नसेल किंवा बद्धकोष्ठाचा त्रास राहत असेल, तर मापात बदल न करता बाळाला डॉक्टरांकडे न्यावे.

प्रश्न : उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवावा का? आणि बाटल्या रोज उकळणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : डबा फ्रिजमध्ये ठेवू नये, आत-बाहेर करताना ओल धरते आणि पावडरीच्या गुठळ्या होतात. घट्ट झाकण लावून कोरड्या, थंड जागी, शेगडी आणि उन्हापासून दूर ठेवावा. डबा उघडल्याची तारीख त्यावर लिहावी आणि सामान्यतः महिन्याच्या आत तो संपवावा. ओला चमचा आत कधीही घालू नये.

बाटल्या, निपल आणि झाकणे आधी साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने घासावीत, कारण दुधाचा थर तसाच राहिला तर उकळूनही उपयोग होत नाही. निपलच्या छिद्रात आणि झाकणाच्या आट्यांमध्ये तो हमखास अडकतो. त्यानंतर मोठ्या भांड्यात सर्व भाग पाण्यात पूर्ण बुडवून, आत हवेचे बुडबुडे न ठेवता, झाकून खळखळून उकळावेत. निदान पहिले काही महिने आणि वर सांगितलेल्या नाजूक बाळांसाठी हे टाळू नये. बाटली स्वच्छ ठेवणे जमत नसेल, तर उघड्या तोंडाचा लहान कप वापरावा; तो घासायला सोपा असतो आणि धीराने पाजल्यास तान्हे बाळही त्यातून पिऊ शकते.