धर्म-परंपरांमुळे आयुष्याला अर्थ सापडतो का?

तुम्ही विचारलंय की पूजा, व्रतं, भजन यातून आयुष्याचा अर्थ कसा काय सापडतो. माझ्या मते रेडीमेड उत्तर मिळत नाही, पण रोज करायला काहीतरी मिळतं आणि दुःखात तेच माणसाला धरून ठेवतं. आमच्या इंदूरच्या अहिल्याबाईच बघा ना, १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ ला सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव, आणि तरी महेश्वरला नर्मदेकाठी राहून त्यांनी राज्य चालवलं, घाट, धर्मशाळा बांधल्या, १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं. शिवभक्ती आणि लोकांचं काम त्यांच्यासाठी वेगळं नव्हतंच.

आजोबा गेल्यावर आमची आजी दोन महिने कोणाशी धड बोलत नव्हती. आम्ही तेव्हा राजवाड्याजवळ राहायचो, शेजारच्या काकू तिला एकादशीच्या भजनाला ओढूनच घेऊन गेल्या, पहिल्यांदा ती टाळ मांडीवर ठेवून नुसती बसली, वाजवले नाहीत. अर्थबिर्थ असले शब्द ती कधी वापरायची नाही. तिसऱ्या का चौथ्या एकादशीला घरी येऊन आईला म्हणाली, "पुढच्या वेळी साबुदाणा मी भिजवते गं, वीस जणींचा."