फ्रोझन फीडर उंदीर चांगले की खराब, हे कसं ओळखायचं? नागपुरात कोणत्या ब्रँडचे घ्यावेत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बॉल पायथन या पाळीव सापाला खायला घालण्यासाठी मागवलेल्या पाकिटातल्या काही रॅटची (मोठ्या जातीच्या उंदरांची) पोटं हिरवट दिसतात, ती चालतील का? आणि ब्रँड कोणता घ्यावा? हिरवट पोटाचे चालणार नाहीत, टाकून द्या. ब्रँडचं मी सांगणार नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात पडून राहिलेल्या पेटीला स्टिकर कोणाचाही असो, आतला माल तोच. दर्जा ठरतो जनावर मेल्यापासून गोठेपर्यंतच्या काही तासांत आणि नंतर रस्त्यात.

हिरवा रंग येतो तो आतड्यातल्या जिवाणूंमुळे. त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला लागला की कातडीखाली हिरवट डाग उमटतो. फार्मवाला घाईत असला की पन्नास रॅट गरम गरम एकाच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये कोंबतो. कडेचे लवकर गोठतात, मधले कित्येक तास कोमट राहतात आणि तिथेच कुजायला लागतात. म्हणून एकाच पाकिटात दोन चांगले, तिसरा हिरवा, असा प्रकार दिसतो. नीट काम करणारा माणूस आधी ट्रेमध्ये एका थरात पसरून गोठवतो, मग पिशवी भरतो. असे रॅट सरळ असतात आणि पाकीट टेबलावर आपटलं की सुटे होतात. एकमेकांच्या पायांचे ठसे अंगावर घेऊन गोळा झालेले असतील, तर ते ढिगात गोठलेत. पिंकी (केस न आलेली नवजात पिल्लं) ओलसर असतात, थोड्या चिकटतातच; तिथे एवढं कडक होऊ नका.

आता ज्या पाकिटावरून आमच्या ओळखीत वाद झाला, त्याचं सांगतो, कारण खराब मालाची जवळपास सगळी लक्षणं त्यात एकत्र होती. तीस-चाळीस ग्रॅमचे वीनर (नुकतंच दूध सुटलेले) रॅट, व्हॅक्यूम पॅक, थर्माकोलची पेटी, भोवती जेल पॅक. पेटी उघडली तेव्हा जेल अर्धवट घट्ट होतं. रॅट हाताला कडक लागत होते. बाहेरून झकास. पण पाकीट उलटं केलं तर तळाशी गुलाबी बर्फाची पातळ चकती. हे अंगातून पाझरलेलं पाणी आणि रक्त. ते पाझरून तळाशी साचतं आणि मग गोठतं, याचा अर्थ माल मध्येच वितळला होता आणि कुठल्यातरी डेपोत पुन्हा फ्रीझरला लागला. सगळे रॅट एकाच बाजूने चपटे झाले होते, तेही त्यामुळेच. मऊ पडल्याशिवाय कोणी चपटा होत नाही. पिशवीच्या आतला नुसता भुरभुरीत पांढरा बर्फ मात्र एवढा गंभीर नाही. तो तापमान वरखाली झाल्याचं सांगतो, वितळल्याचं नाही.

पाकिटाच्या मधोमध असलेला एक रॅट काढून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात बंद पिशवीत ठेवला. गरम पाण्यात नको, कारण उकळत्या पाण्याने चांगल्या उंदराचंही पोट फुटतं आणि दोष कोणाचा ते कळत नाही. सकाळी पोटावरचे केस चिमटीत धरून हलकेच ओढले. ताज्या मालाचे दोन-चार केस येतात. इथे झुपकाच आला, खालच्या पातळ कातडीसकट. ही चाचणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. नाक बंद असलेल्या माणसालाही जमते. मग कात्रीने पोट उघडलं. यकृत गडद तांबूस-तपकिरी आणि टणक असायला हवं. इथे ते मातकट होतं आणि बोटाखाली पेस्ट झालं. आतड्यांचे पदर वेगळे होईनात. सोबत आंबूस, गोडसर वास.

एक खुलासा करतो, भल्याभल्यांची इथे गडबड होते. माउसला (लहान जातीच्या उंदराला) पित्ताशय असतं, रॅटला नसतं. त्यामुळे माउसच्या यकृताखाली एक छोटा हिरवा-पिवळा ठिपका दिसला तर घाबरू नका. रॅटमध्ये ही सबब चालत नाही.

वाद असा, की आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘पेटीत बर्फ होता ना? मग माल गोठलेलाच होता. काहून एवढी चिरफाड? साप काय चव पाहतो का?’ आता पाण्याचा बर्फ वितळतो शून्याला. मांसातलं पाणी क्षारयुक्त असतं, ते गोठायला लागतं उणे एक-दोनच्या खाली आणि नीट दगड व्हायला उणे अठराच लागतं. म्हणजे शून्य अंशाच्या वितळत्या बर्फात पडलेला रॅट बर्फाच्या शेजारी बसून वितळलेला असू शकतो. पेटीत बर्फ शिल्लक असणं हा पुरावा नाहीच. चवीचं म्हणाल तर जंगलात साप कधीकधी मेलेलंही खातो, हे मान्य. पण तिथे त्याची उलटी मोजायला कोणी बसलेलं नसतं. घरातल्या बॉल पायथनने खराब रॅट उलटून टाकला की पुढे दहा-चौदा दिवस काही देता येत नाही, आणि मग निम्म्या आकारापासून सुरुवात.

उलट काही लक्षणांना लोक उगाच भितात. नाकाशी रक्ताचा थेंब असेल तर तो बहुतेक वेळा मारण्याच्या पद्धतीचा परिणाम असतो, रोगाचा नाही. पिंकीच्या पोटात कातडीतून पांढरा पट्टा दिसतो, ते प्यालेलं दूध; असे घ्याच. शेपटीकडचे केस पिवळे असणं म्हणजे पिंजऱ्यातला मुताने भिजलेला भुसा वेळेवर बदलला नाही. खायला धोका नाही, पण फार्मचा आळस कळतो.

जुना माल ओळखायला कान, पंजे आणि शेपटी पाहा. तिथे मांस कमी, म्हणून आधी वाळतं; पांढरट, चामड्यासारखं झालं की फ्रीझर बर्न. सहा महिन्यांपर्यंत मी निर्धास्त म्हणेन. वर्ष उलटलं की चरबी खवट होते, व्हिटॅमिन ई घटतं. उघडल्यावर चरबी पांढरी हवी, पिवळी आणि जुन्या तेलासारख्या वासाची नको. पोट लोंबणारे मोठे रॅट बहुधा पैदाशीतून निवृत्त झालेले असतात, त्यांच्यात चरबीच जास्त. स्वस्त मिळतात म्हणून नेहमी घालू नका. ‘वीनर’, ‘स्मॉल’ या नावांवर जाऊ नका, प्रत्येकाचा मापाचा हिशोब वेगळा. ग्रॅममध्ये मागवा आणि पाझरलेलं पाणी पुसून वजन करा. पिल्लू पायथनला स्वतःच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के.

दोन ठिकाणचा माल फुकट मिळाला तरी नको. एक, पिंजऱ्यात सापडलेले घरचे उंदीर. किराणा दुकानातलं उंदीर मारायचं विष, झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडियोलोन, त्याने कुठे खाल्लंय, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. दुसरं, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली वापरलेली जनावरं. त्यांना काय टोचलं होतं ते तुम्हाला कळणार नाही, आणि २०१६च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार ती पिवळ्या पिशवीतून विल्हेवाटीलाच जायला हवीत.

घरी दार सतत उघडणाऱ्या फ्रीजपेक्षा लहान डीप फ्रीझर बरा. नो-फ्रॉस्टमध्ये मधूनमधून हीटर चालतो, त्यात माल लवकर वाळतो. भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर लाइट गेल्यावर दोन दिवस तग धरतो, अर्धा रिकामा असेल तर एकच. आपल्या उन्हाळ्यात त्यातूनही काही तास वजा धरा. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा.

आणि हो, माल कितीही ताजा असला तरी गोठवल्याने जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला जिवाणू मरत नाही. अमेरिकेत २०१४ साली फ्रोझन फीडरमुळे माणसं आजारी पडली होती, त्यात लहान मुलंही होती. स्वयंपाकाची सुरी, ओटा, सिंक वापरू नका, हात साबणाने धुवा. साप आपल्याकडचा असेल, अजगर किंवा धामण, तर हा प्रश्नच बाद: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळता येत नाही. बॉल पायथनची परिवेश या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

पुढच्या ऑर्डरला विक्रेत्याला एक काम सांगा. लहान प्लास्टिकच्या बाटलीत शंभर मिली पाणी, तीन ग्रॅम मीठ. बाटली अर्धी रिकामी ठेवून तिरकी टेकवून गोठवायची आणि पेटीत उभी, रॅटच्या मधोमध ठेवायची. मीठपाणी मांसाच्याच आसपासच्या तापमानाला वितळतं. पेटी उघडल्यावर बर्फाचा पृष्ठभाग तिरका असेल तर माल घ्या. सपाट झाला असेल तर पेटी न हलवता बाटलीचा आणि पाकिटाच्या तळाचा फोटो काढा आणि पैसे परत मागा. विक्रेता नाही म्हणाला, तर त्याच्याकडून घेऊ नका. आमच्या ज्येष्ठांनाही हीच बाटली ठेवून बघा म्हटलं होतं. त्यांनी अजून ठेवलेली नाही.