दारापर्यंतच वाचा

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या या बाई पहिल्या भेटीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. वय 46, हिशेब तपासणीचं काम, लग्नाला 21 वर्षं झालेली, मुलगा शिकायला बाहेर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला त्यांची संमती आहे.) थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर पर्समधून चौघडी कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, मी चावट कथा लिहिते. मला काही आजार आहे का, तेवढं सांगा. बाकी माझं काही नाही."

"बाकी काही नाही" म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा त्या 'बाकी'तच सगळं असतं. त्या दिवशी ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

हौस म्हणून शृंगारिक लिहिणारे बरेच जण माझ्याकडे येतात. नोकरदार, गृहिणी, निवृत्त, विशीतली मुलंमुली. प्रश्न जवळजवळ एकच: असं सुचतं म्हणजे माझ्यात काही विकृती आहे का? या बाईंचा प्रश्नही तोच वाटला, म्हणून मी त्याचंच उत्तर द्यायला घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली. तिच्यात 'अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार' असं एक निदान आहे. आवेग वारंवार आवरता न येणं, त्यापायी तब्येत, काम आणि नाती यांची हेळसांड, समाधान मिळत नसतानाही तेच करत राहणं, आणि हे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चालणं, असं त्याचं स्वरूप. त्यातच एक वाक्य असंही आहे, की निव्वळ नैतिक नापसंतीतून होणारा मनस्ताप या निदानाला पुरेसा धरू नये. मी विचारलं, किती लिहिता? शनिवारी दुपारी दोन तास. काम राहतं? नाही. लिहिलं नाही तर? "चुकल्याचुकल्यासारखं वाटतं."

"तुम्हाला आजार नाही," मी सांगितलं, थोडं समाधानानेच.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बिघडलेली नाही. नुसतं वाईट लिहिते." आणि तोवर कोरडे असलेले डोळे भरून आले.

तेव्हा कुठे मी तो कागद उघडला. त्यात कथा नव्हती, कथेवरचा अभिप्राय होता. चार जण टोपणनावांनी लिहितात आणि एकमेकांचं वाचून मत देतात. बाईंच्या पहिल्या दोन कथा आवडल्या होत्या. तिसऱ्या कथेवर एकाने लिहिलं होतं: "भाषा नेटकी, पण कथा कोरडी. शरीरं हलतात, माणसं दिसत नाहीत." एवढंच. त्याला पाच आठवडे झाले होते. लिहिणं बंद. पहाटे तीनला जाग. नवऱ्याचा हात खांद्यावर आला तरी अंग आखडायचं. कथा त्यांनी पुसून टाकली होती, परत मिळवली होती आणि पुन्हा पुसली होती.

रहस्यकथा फसली तर लेखकाला कुणी "तुला खून करता येत नाही" असं म्हणत नाही. शृंगारकथा फसली की लिहिणाऱ्याला मात्र नेमकं तसंच ऐकू येतं. कथेला कोरडी म्हटलं, ते त्याच्या अंगाला लागतं. इथे लेखक आणि मजकूर यांच्यातलं अंतर फार थोडं असतं, आणि हौशी लेखकाला ते राखायची सवयही नसते. टोपणनावामुळे बाहेरच्यांपासून लपता येतं, या घावापासून नाही.

दुसऱ्या भेटीत मी एकच विचारलं: "त्या दोन ओळींमधला कुठला शब्द टोचतो?" मला वाटलं होतं, 'माणसं दिसत नाहीत' हे म्हणतील. त्या म्हणाल्या, "कोरडी." हा शब्द त्यांनी आधी एकदा ऐकला होता. मूल दोन वर्षांचं असताना, रात्रीची जागरणं चालू असताना, भांडणाच्या भरात नवरा तो बोलून गेला होता. त्यावर पुन्हा कधी विषय निघाला नाही. पण शनिवार दुपारच्या त्या दोन तासांत बाई इतकी वर्षं त्या एका शब्दाला उत्तर देत होत्या. आणि समोरून, ओळखदेख नसलेल्या माणसाकडून, तोच शब्द परत आला.

यावर आम्ही तीन भेटी घालवल्या. ते सगळं इथे सांगत नाही, ते त्यांचं आहे. एवढं सांगते, की इच्छेचं गणित त्यांना पहिल्यांदाच कुणी समजावून सांगत होतं. बॅनक्रॉफ्ट आणि जान्सेन या संशोधकांनी मांडलेल्या कल्पनेनुसार आपल्यात उद्दीपन आणि अवरोध अशा दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. सोप्या शब्दांत, एक वेग वाढवायचं पायडल आणि एक ब्रेक. ब्रेकवर पाय घट्ट असेल तर दुसरं पायडल कितीही दाबा, गाडी हलत नाही, आणि आपण इंजिनाला दोष देत बसतो. थकवा, भीती, लाज, कुणीतरी पारखतंय ही जाणीव, हे सगळे ब्रेक. "म्हणजे तेव्हा मी कोरडी नव्हते, दमले होते," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, बहुधा स्वतःला ऐकू यावं म्हणून.

मग त्या म्हणाल्या, "पण मॅडम, कथा खरंच वाईट आहे का, ते कोण सांगणार?"

समुपदेशक म्हणून इथे थांबावं लागतं. समोरच्याचं शृंगारिक लेखन आपण का वाचायचं? त्यांच्या गरजेपोटी, की आपल्या कुतूहलापोटी? मी माझ्या पर्यवेक्षकांशी बोलले. या व्यवसायात येण्याआधी काही वर्षं मी हस्तलिखितं वाचून शेरे लिहायचं काम केलं आहे, त्यामुळे हात शिवशिवत होते हे कबूल करते. ठरलं असं: त्यांनी कथा आणायची आणि नायक-नायिका खोलीत शिरून दार लोटतात तिथपर्यंतच वाचून दाखवायची. पुढचं वाचायचं नाही, फक्त वाक्यं मोजायची.

दारापर्यंतचा भाग सुरेख होता, खरंच सुरेख. नायिका जिना चढताना मुद्दाम मागे राहते, कारण पुढे गेली तर तो आपली चाल बघेल. तो किल्ली शोधताना उजव्या खिशात दोनदा हात घालतो. अशी 43 वाक्यं. दार लोटल्यापासून शेवटापर्यंत किती? 12. "त्यात काय काय आहे, फक्त नामं सांगा," मी म्हटलं. त्यांनी यादी वाचली: लाटा, वादळ, ज्वालामुखी, स्वर्ग. आणि स्वतःच हसल्या. "हवामानाच्या बातम्या झाल्या की!"

"इतकं हळू लिहिणारी बाई इथे एवढी धावत का सुटली?"

"तिथे मी डोळे मिटूनच लिहिते," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या.

मला जे सांगायचं होतं ते त्यांनीच सांगून टाकलं. शृंगारलेखनातले बहुतेक दोष, घाई, ठोकळेबाज उपमा, दोन पुतळ्यांची कवायत, हे प्रतिभेच्या अभावापेक्षा नजर वळवल्यामुळे येतात. जिथे टक लावून बघायला हवं, तिथेच लेखक मान फिरवतो, आणि रिकाम्या जागेत आयते शब्द येऊन बसतात. हे नवोदितांचंच होतं असंही नाही. ब्रिटनमधलं 'लिटररी रिव्ह्यू' हे मासिक 1993 पासून बरीच वर्षं कादंबऱ्यांतल्या सर्वांत वाईट प्रणयप्रसंगाला पुरस्कार देत होतं. तो घेणाऱ्यांत नावाजलेले कादंबरीकार होते. हे ऐकून बाईंना फार बरं वाटलं, माझ्या सगळ्या मानसशास्त्रापेक्षा जास्त.

मराठीत लिहिणाऱ्याची आणखी एक पंचाईत असते. शरीराच्या या भागांसाठी आपल्याकडे तीन प्रकारचे शब्द: शरीरशास्त्राच्या पुस्तकातले, शिव्यांमधले आणि लहान मुलांना शिकवलेले. प्रौढ माणसाने प्रौढ माणसाला प्रेमाने म्हणावेत असे फारच थोडे. मग लेखक एक तर संस्कृतात पळतो किंवा उपमांत. माझा सल्ला असतो, नामांचा नाद सोडा, क्रियापदं बघा. हात, मान, पाठ, मनगट, श्वास, बटण हे साधे शब्द पुरतात. त्यांनी काय केलं, कधी थांबले, कशाला घाबरले, यात प्रसंग असतो. "त्याने तिला मिठीत घेतलं" हे कुणीही लिहील. त्याचा हात तिच्या पाठीवर येऊन हुकापाशी अडला आणि त्याने "चालेल?" विचारलं, तिने उत्तर न देता हूक स्वतः काढला, हे लिहायला त्या दोघांची ओळख असावी लागते. संमती विचारल्याने कथेचा ओघ तुटतो, असं नव्या लेखकांना वाटतं. मला उलट वाटतं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या क्षणाइतका ताण दुसऱ्या कशात नाही.

दोन गोष्टींवर मात्र मी कुणाशीच वाद घालत नाही. पात्रं प्रौढ असली पाहिजेत, त्यात संदिग्धता नको. आणि ओळखीच्या माणसाला, नुसतं नाव बदलून, त्याच्या नकळत कथेत ओढू नये. बाईंच्या नायकाची मान वाकडी करून हसायची लकब त्यांच्या एका सहकाऱ्याची निघाली. ती त्यांनी काढून टाकली, जरा नाखुषीनेच.

मग लाजेचं काय करायचं? "लाजू नका" हा सल्ला फुकट आहे. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल येतच राहिलं. लाजेचंही तसंच. पण आपल्या जुन्या रसशास्त्रात मला यावर एक छान तोडगा सापडला. रती, म्हणजे प्रेमाची ओढ, हा शृंगाराचा स्थायिभाव, म्हणजे मुळातला टिकून राहणारा भाव, आणि त्याच्या सोबतीला येणारे-जाणारे व्यभिचारी भाव. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताने सांगितलेल्या 33 व्यभिचारी भावांत व्रीडा आहे, म्हणजे लाज. शंका आहे, औत्सुक्य आहे. आणि शृंगारातून त्याने वगळले आहेत ते आळस, उग्रता आणि जुगुप्सा. म्हणजे किळस बाहेर, लाज आत. मी बाईंना म्हटलं, "तुमची लाज हाकलू नका. ती नायिकेला देऊन टाका."

त्यांना हे लगेच पटलं नाही. "नायिका तशी नाहीये. ती बिनधास्त आहे."

"कुणासारखी?"

"माझ्यासारखी नाही, एवढंच."

गृहपाठ साधा होता. दारानंतरचा प्रसंग रोज पंधरा मिनिटं, चार दिवस, न खोडता लिहायचा. कुणाला दाखवायचा नाही, हवा तर फाडायचा. अट एकच: नायिकेला त्या खोलीत कशाची लाज वाटते, तेवढंच लिहायचं. (सलग काही दिवस थोडा वेळ मनातलं लिहायची ही रीत जेम्स पेनबेकर यांच्या 1986 मधल्या प्रयोगापासून रूढ झाली. शृंगारकथेसाठी ती वापरणं हा माझा आगाऊपणा.)

पुढच्या वेळी त्या खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या. नायिका आता 45 वर्षांची झाली होती. ती खोलीत आल्यावर आधी चष्मा काढते. त्याला वाटतं, हा पुढाकार. खरं कारण असं, की चष्म्याशिवाय तिला त्याचा चेहरा नीट दिसत नाही, आणि तो आपल्या पोटाकडे कोणत्या नजरेने बघतोय हे तिला बघायचं नाहीये. एवढं सांगून बाई म्हणाल्या, "हे मला माहीत होतं. पण मी हे कधी लिहिलं असतं असं वाटत नाही."

अभिप्राय देणाऱ्यांबद्दल मला एक तक्रार आहे, ती इथेच नोंदवते. "मला वाचून काहीच वाटलं नाही" हे मत असेल, समीक्षा नाही. ते वाचकाच्या अंगाबद्दल सांगतं, मजकुराबद्दल नाही. कुठल्या वाक्यापाशी लक्ष उडालं, कुणाच्या नजरेतून बघतोय हे कुठे कळेनासं झालं, ते सांगावं. विशेषणं वाक्याला लावावीत, लिहिणाऱ्याला नाही. त्या गृहस्थांच्या दोन ओळींतली दुसरी ओळ अचूक होती, हे बाईंनीही शेवटी मान्य केलं. पहिल्या ओळीतल्या एका शब्दामुळे ती पाच आठवडे वाचलीच गेली नव्हती.

नवऱ्याला त्यांनी कथा दाखवली नाही. मी सुचवलंही नाही. तो शब्द मात्र त्यांनी एका रात्री त्याच्यासमोर काढला. त्याला तो आठवतच नव्हता. बाई दोन दिवस संतापात होत्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना झोप लागली. त्याला आठवत नसणं बरं की वाईट, हे आमचं अजून ठरलेलं नाही.

शेवटच्या भेटीला त्या नवा अभिप्राय घेऊन आल्या, त्याच गृहस्थांचा. कागद पुन्हा चौघडीच. मी जरा धास्तावूनच वाचला: "पाचव्या परिच्छेदात ती चष्मा काढते. नवव्यात चष्म्याच्या काचेवर वाफ धरते. मध्ये कधी घातला?"

"बघा ना," बाई कपाळावर हात मारत म्हणाल्या, "हिशेब तपासणारी मी, आणि हे माझ्या नजरेतून सुटावं!" आणि पर्समध्ये पेन शोधू लागल्या.