‘आता राजीनामा द्या, वर्षभराने परत घेऊ’: दोन पगार घ्यावेत का?

एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, साठेक माणसांची खासगी कंपनी, नोकरीला ४ वर्षं ४ महिने झाली. एकूण पगार ४२,०००, त्यात मूळ पगार ३०,०००. पहिलंच बाळंतपण, तारीख तीन महिन्यांवर. एचआर म्हणतं, आता राजीनामा द्या, दोन पगार एकरकमी देतो, वर्षाने जागा असली तर परत घेऊ. नवऱ्याचं मत, हातात येतंय ते घ्यावं.

ताई, घेऊ नका. एरवी मी इतकं तडकाफडकी सांगत नाही, पण इथला हिशोब फारच एकतर्फी आहे.

दोन पगार म्हणजे ८४,०००. तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं, की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क आहे. २०१७च्या दुरुस्तीआधी ती १२ आठवडेच होती. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यातली ही तरतूद २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. भत्ते सगळे सोडले आणि नुसता मूळ पगार धरला, तरी सहा महिन्यांचे १,८०,००० होतात. तुमच्या हक्काच्या निम्म्याहून कमी रक्कम तुम्हाला उपकार म्हणून देऊ केली जातेय.

मला खरी गोम वाटते ती ग्रॅच्युइटीत, म्हणजे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांत. रजा तारखेच्या आठ आठवडे आधीपासून घेता येते, म्हणजे तुम्ही महिन्याभराने रजेवर जाल तेव्हा नोकरीची ४ वर्षं ५ महिने भरलेली असतील. बाळंतपणाची ही रजा सलग सेवेत धरली जाते. परत याल तेव्हा ४ वर्षं ११ महिने. आणखी एक महिना, की पाच वर्षं पूर्ण आणि मूळ पगाराच्या हिशोबाने सुमारे ८६,५०० रुपये ग्रॅच्युइटीचा हक्क पक्का. राजीनामा दिलात तर वर्षाने पुन्हा शून्यापासून मोजणी. एचआरला हे गणित येत नसेल असं मला तरी वाटत नाही.

तिसरी गोष्ट मेडिक्लेम. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतलं तुमचं संरक्षण साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं. आज स्वतःची नवी पॉलिसी काढलीत, तरी बाळंतपणाच्या खर्चाला बहुतेक पॉलिसींत काही वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. सिझेरियनची वेळ आलीच, तर ते ८४,००० त्यातच जातील. ग्रुप पॉलिसीत बाळंतपणाची मर्यादा किती आणि बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, एवढं आजच विचारून घ्या. कंपनी बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची वैद्यकीय सेवा मोफत देत नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही तुमचा आहे. रक्कम छोटी, पण मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

नवऱ्याच्या बोलण्यात एक मुद्दा आहे, तो मी उडवून लावणार नाही: कंपनीनेच पैसे अडकवले तर? तारखेआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेली बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यावी, असं कायदा सांगतो. बऱ्याच कंपन्या ती दरमहा पगारासारखीच देतात, तेही चालतं. तरी तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बचत खात्यात वेगळे ठेवा, एफडी मोडावी लागली तरी. कंपनीशी भांडायची ताकद त्या पैशातून येते.

रजेवर असताना काढून टाकणं किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्यात बदलणं बेकायदा आहे. पण हे कवच राजीनाम्याला नाही. एचआरने पाठवलेल्या मसुद्यातली ओळ तुम्ही मला कळवलीत, ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’. त्यावर सही झाली की कामगार आयुक्तांकडे गेलात तरी पहिला प्रश्न त्याच ओळीवर येईल.

पुढे नोकरी करायची नाही असं तुमच्या मनात असलं तरी क्रम बदलू नका. आधी रजा, मग राजीनामा. रजेचा पगार परत करण्याची अट कायद्यात नाही. परतायचं असेल, तर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं, हेही लक्षात असू द्या. पाळणाघराचा महिन्याचा खर्च त्यातून वाचू शकतो.

आता तोंडी काही बोलू नका. रजा कोणत्या तारखेपासून हवी, पैसे कोणाच्या नावे द्यायचे आणि या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं लिहून डॉक्टरांच्या दाखल्यासह ईमेल करा. एक प्रत तुमच्या खासगी ईमेलवर ठेवा, कारण ऑफिसचं खातं कधी बंद होईल सांगता येत नाही.