चाकण ते बंगळूर २४ तासांत: हिशेब कुठे चुकतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १२ गाड्या, १४ चालक, चाकणहून बंगळूरला माल. पार्टीला, म्हणजे माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाला, २४ तासांत पोच हवी, उशीर झाला की भाड्यात कपात. एका चालकाला पहाटे डुलकी लागून गाडी दुभाजकावर चढली आणि आता पार्टी म्हणते, चालक तुमचा, जबाबदारी तुमची.

पार्टीचं म्हणणं बरंचसं खरं आहे. म्हणूनच होकार देण्याआधी हिशेब मांडायला हवा होता. अंतर साधारण ८५० किमी. भरलेल्या गाडीची सरासरी घाट, टोल, गर्दी धरून ताशी ४५ च्या वर धरू नका. म्हणजे नुसतं स्टिअरिंगवर १९ तास. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याची मापं अशी: दिवसाला ८ तास, लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेतल्यास १०, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, एक ड्युटी सुटून दुसरी लागेपर्यंत सलग ९ तास मोकळे. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला. ८ तासांची मूळ मर्यादा तीच आहे. आखणीला जुनी मापंच धरा.) एका चालकावर हे बसवून पाहा. मंजुरीसह २९ तास, मंजुरी नसेल तर ३८, तेही कुठे जाम लागला नाही तर. तुमचा २४ तासांचा करार सही करतानाच मोडलेला होता.

त्यात थकवा बहुतेक वेळा गाडी सुटायच्या आधीच भरलेला असतो. चालक सकाळी ६ ला उठला, ११ ला गाडी पार्टीच्या गेटवर लावली. नंबर लागून, माल भरून, ताडपत्री-दोर आवळून बिल्टी (मालाची वाहतूक पावती) हातात येईतो रात्रीचे ९. पहाटे ४ ला जीपीएस ७ तास ड्रायव्हिंग दाखवतो, सगळं नियमात. माणूस मात्र २२ तास जागा आहे. सलग १७ तासांच्या जागरणानंतर माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा मंदावतो, हे १९९७ मध्येच प्रयोगाने दाखवलंय. आपली कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. हा चालक रात्री ११ लाच त्या रेषेपलीकडे गेला होता. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ३ सेकंद डोळा लागला की ६६ मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. गेटवरचं ताटकळणं ही विश्रांती म्हणून वहीत लिहिणारे मालक पुष्कळ आहेत. रांग सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते, तिथे झोप कसली?

आता जबाबदारी. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ सांगतं की ठरवून दिलेल्या तासांबाहेर कोणी काम करू नये, कोणाला करायला लावू नये आणि करूही देऊ नये. फर्म किंवा कंपनी असेल तर कलम १९९ मुळे कारभार पाहणाराही अडकतो. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. अपघात न्यायाधिकरणात भरपाई चालक आणि मालक दोघांवर येते. चालक थकलेला होता म्हणून विमा कंपनीला तिसऱ्या पक्षाचा (अपघातात सापडलेल्या बाहेरच्या माणसाचा) दावा झटकता येत नाही, तेवढा दिलासा. पण फास्टॅगच्या वेळा आणि ‘काहीही कर, सकाळी ८ ला गाडी लागलीच पाहिजे’ असे तुमचे व्हॉट्सॲप मेसेज उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकतात.

पार्टीला धरणं आपल्याकडे अवघड. युरोपात ५६१/२००६ या नियमाचं कलम १० माल पाठवणाऱ्यालाही बांधतं: ठरलेलं वेळापत्रक चालकाच्या तासांत बसलंच पाहिजे. इथे ते करारातच लिहून घ्यावं लागेल. घड्याळ गाडी गेटबाहेर पडल्यावर सुरू होईल. गेटवर २ तासांपेक्षा जास्त थांबवली तर हॉल्टिंग (थांबवल्याचा आकार) लागेल. विसाव्यात गेलेल्या वेळेसाठी भाडं कापायचं नाही. ‘ई-वे बिल संपेल’, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची मुदत जाईल, हा धाक ऐकू नका. २०० किमीला १ दिवस मिळतो, तुमच्या ८५० किमीला ५ दिवस.

२४ तास हवेच असतील तर हुबळीला चालक बदला. प्रत्येकाच्या वाट्याला साडेनऊ तास येतात, म्हणजे १० तासांची मंजुरी लागेलच. पहिल्या चालकाने तिथल्या खोलीवर झोपून परतीची गाडी घ्यायची. दोघांना एकाच गाडीत पाठवणं हा अर्धाच उपाय, चालत्या केबिनमधली झोप तुटक असते. त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे भरायला गाडी गेटवर लावणारा माणूस वेगळा ठेवा आणि रात्रीच्या चालकाला दुपारी घरी झोपू द्या. लवकर पोचल्याचं इनाम बंद करा. ५०० रुपयांसाठी चालक पहिली काटछाट झोपेतच करतो.

आणि रात्री फोन उचलणाऱ्याला मालकाला न विचारता गाडी थांबवायचा अधिकार द्या. चालक ‘झोप येतेय’ म्हणाला की जवळचा ढाबा किंवा पंप सांगायचा, २० मिनिटं झोप, उठल्यावर १५ मिनिटं तरी गाडीला हात नाही. तरीही जांभया येत असतील तर सकाळपर्यंत गाडी तिथेच. फोनची वेळ वहीत लिहा. पार्टीने कपात लावली तर ती नोंद बिलाला जोडायची.