यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर नाकारलेला विमा दावा

आपल्या यजमानांच्या यकृतातील कर्करोगाची गाठ ऑगस्ट 2025 मध्ये काढण्यात आली, 7,40,000 रुपयांचे बिल झाले आणि ‘पॉलिसी घेताना हिपॅटायटिस बी लपविला’ असे सांगून विमा कंपनीने संपूर्ण दावा फेटाळला, असे आपण लिहिता. कंपनीचा सारा भर डिस्चार्ज कार्डावरील ‘दहा वर्षांपासून एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ (म्हणजे रक्तचाचणीत हिपॅटायटिस बीचा संसर्ग आढळलेला) या एका ओळीवर आहे.

मूळ पॉलिसी 2018 ची असून तिच्या नूतनीकरणात एकदाही खंड पडलेला नाही, हीच आपली सर्वांत भक्कम बाजू आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार सलग 60 महिने विमासंरक्षण चालू राहिल्यावर, माहिती दडविल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. अपवाद केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीचा आहे आणि ती सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर आहे. 2015 च्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीने ‘पुन्हा रक्त देऊ नका’ एवढेच कळविले आणि कोणतेही औषध सुरू झाले नाही, हे जसे घडले तसेच लिहून द्यावे. ‘आम्हाला काहीच ठाऊक नव्हते’ असे प्रतिज्ञापत्र कृपया करू नये, कारण रक्तपेढीची नोंद पुढे आल्यास कंपनीला फसवणुकीचा मुद्दा आपणच हाती दिल्यासारखे होईल.

2022 मध्ये विमा रक्कम 5 लाखांवरून 10 लाख केली, हा तपशील आपण पत्राच्या शेवटी ओझरता दिला आहे; परंतु वाढीव रकमेचे 60 महिने वाढीच्या तारखेपासून मोजले जातात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ते पूर्ण झालेले नव्हते. त्यामुळे पहिल्या 5 लाखांची आणि उरलेल्या 2,40,000 रुपयांची मागणी तक्रारीत स्वतंत्रपणे मांडावी.

टेनोफोविर या हिपॅटायटिस बीच्या विषाणूला आवरणाऱ्या औषधाच्या गोळ्यांची बिले आपल्या पॉलिसीनुसार घरी सोडल्यापासून 60 दिवसांपर्यंतचीच मिळतील. त्यापुढील खर्च मिळणार नाही, एवढ्या कारणाने गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. विषाणू उसळला तर शस्त्रक्रिया झालेल्या यकृताला ते झेपणार नाही. 2018 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात, त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि दावा नाकारण्यास कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीने (दाव्यांचा फेरविचार करणाऱ्या समितीने) मंजुरी दिली होती काय, हे त्यातच विचारावे. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा नकार कायम राहिल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमाधारकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जावे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तोवर ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू नये, कारण तेथे प्रकरण प्रलंबित असल्यास लोकपाल ते ऐकत नाहीत.