आई शेवटच्या टप्प्यात आहे, आता देवाला मागू तरी काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे, डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटलंय, आणि देवापुढे बसल्यावर काय मागावं तेच सुचत नाही. तिला खरं सांगावं का, हेही विचारलंय. मी हे बाबांच्या वेळी भोगलंय, म्हणून लिहितो.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, तुकडोजी महाराजांच्या मोझरीजवळ. बाबा भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. सामुदायिक प्रार्थना कधी चुकली नाही, पण खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, काही सुटला नाही. जबड्याचा कर्करोग निघाला तेव्हा तो मानेत उतरला होता.

सुरुवातीला मी एकच मागायचो, बरं कर. त्या भरात मोठी चूक केली. नात्यातल्या एकाने एका महाराजाकडे नेलं. "श्रद्धा असंल तर इंग्रजी गोळ्या बंद करा," तो म्हणाला, आणि मी मॉर्फिन, म्हणजे कळ थांबवणारी गोळी, बंद केलं. तिसऱ्या रात्री बाबा खाटेवर टाचा घासत होते. चादर रक्ताने भरली. आई मला म्हणाली, "असा कोनता देव राह्यते रे बापा, ज्याले बापाचे हाल पाह्यजे?" त्याच रात्री डॉक्टरांना फोन करून गोळी सुरू केली. गाडगेबाबांनी आणि तुकडोजी महाराजांनी जन्मभर असल्या बुवाबाजीविरुद्ध सांगितलं, आणि त्यांच्याच मुलखात राहून मी हे केलं. ते अजून सलतं.

मग गोळीची वेळ मी प्रार्थनेच्या वेळेसारखी पाळली. दर चार तासांनी, कळ उठायची वाट न पाहता. नाकातून नळी होती, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूड करून पाण्यातून द्यायचो. मॉर्फिनने पोट घट्ट होतं, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, तरी ते सगळीकडे मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात वेदनाशामक उपचार कुठे मिळतात ते विचारा. जखमेला वास येत असेल तर तेही लाज न बाळगता सांगा. आम्हाला मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकायला सांगितली होती. वास कमी झाला आणि नातवंडं परत खाटेजवळ बसायला लागली.

सांगावं का? आम्ही महिनाभर लपवलं. बाबांचं बोलणं कळेनासं झालं होतं, म्हणून त्यांनीच एक दिवस नातीची पाटी घेतली आणि लिहिलं, "मले ठाऊक हाये. महाराजायलेही हाच रोग होता. तू रडू नोको." 1968 साली तुकडोजी महाराज कर्करोगानेच गेले, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत, पण बाबांनी ते स्वतःशी कधी जोडून घेतलं होतं कोण जाणे. त्यानंतर घर मोकळं झालं. पाटीवर कृषी केंद्राची उधारी लिहून दिली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्या चुलतभावाशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्याला बोलावलं. दोघं हात धरून बसले. आईने फक्त चहा आणून ठेवला आणि बाहेर गेली.

तुमची आई विचारत असेल तर खोटं सांगू नका. विचारत नसेल तर रेटूनही सांगू नका, जवळ बसा.

ऑक्टोबरात सोयाबीन निघत होतं. मोझरीला पुण्यतिथीला जायचं बाबांच्या मनात फार होतं, पण अंगात त्राण नव्हतं. महाराजांच्या निर्वाणाची वेळ दुपारी 4 वाजून 58 मिनिटं. तेव्हा तिथे लाखो माणसं मौन श्रद्धांजली वाहतात. आम्ही अंगणात खाट काढली आणि सगळे भोवती उभे राहिलो. मौन सुटल्यावर आईने प्रार्थना सुरू केली. बाबांचा अंगठा खाटेच्या लोखंडी पट्टीवर ठेका धरत होता. एक मात्रा चुकली नाही.

'बरं कर' म्हणणं माझ्याकडून केव्हा सुटलं, कळलंच नाही. मी रोज एवढंच म्हणायचो, देवा, आजच्या रात्री यांना झोप लागू दे. बहुतेक रात्री लागली.